कूलंट कमी होतंय, पण गळती कुठे दिसत नाही

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. माझी गाडी 2014 ची, 1.2 पेट्रोल, छोटी हॅचबॅक. सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे गेली आहे. कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला नेहमी जाणं-येणं असतं.

पावसाळा संपल्यापासून कूलंटच्या बाटलीतली पातळी वरच्या रेघेवरून खालच्या रेघेच्याही खाली जाते. भरलं की दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तेच. पार्किंगच्या फरशीवर डाग नाही, पुठ्ठा अंथरून पाहिला, तोही कोरडा. या गाडीला तापमानाचा काटा नाही, फक्त निळा आणि लाल दिवा. लाल अजून लागलेला नाही.

एका गॅरेजमध्ये सांगितलं, वॉटर पंप बदलू. दुसऱ्याने सांगितलं, हेड गॅस्केट (इंजिनचं वरचं झाकण म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील) गेलंय, हेड उतरवावं लागेल. दोघांनीही बोनेट उघडून नुसतं पाहिलं होतं, तपासलं काहीच नाही. घाटात बरोबर आई असते, मुलं असतात, त्यामुळे हे अंगावर काढायचं नाहीये. पण कारण कळल्याशिवाय हेडही उघडायचं नाहीये. कुठून सुरुवात करू?

घाटमाथा
पहिली गोष्ट, गाडी गरम असताना झाकण उघडू नका. आतलं पाणी शंभराच्या वर असतं आणि दाबाखाली असल्यामुळेच उकळत नाही. झाकण सैल झालं की त्याच क्षणी उकळून अंगावर येतं. चेहरा आणि हात भाजलेली माणसं पाहिली आहेत. रात्रभर गाडी उभी राहू द्या आणि सकाळी उघडा.

आगारातला
कृष्णाकाठ, हेड उघडायचं नाही हा निर्णय अगदी बरोबर. माझी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत गेली. आमच्याकडे शिकवण असायची की पाणी कमी होत असेल तर आधी ते कुठून जातंय हे दाखव, मग पाना हातात घे. एखादा भाग बदलून बघू, थांबलं तर थांबलं, ही पद्धत गाडीलाही महाग पडते आणि मालकालाही.

आधी तुमच्या गाडीची रचना कोणती ते पाहा. दोन प्रकार असतात. एकात रेडिएटरवर लोखंडी झाकण असतं आणि बाजूला साधी प्लास्टिकची बाटली. त्या बाटलीत दाब नसतो. इंजिन तापलं की जास्तीचं पाणी झाकणाच्या स्प्रिंगला ढकलून बाटलीत येतं, थंड झालं की झाकणाच्या मधल्या छोट्या व्हॉल्व्हमधून परत ओढलं जातं. दुसऱ्या प्रकारात रेडिएटरला झाकणच नसतं. जाड प्लास्टिकची टाकी असते, स्क्रूचं झाकण असतं आणि ती टाकीच दाबाखाली काम करते.

हा फरक महत्त्वाचा का? तर पहिल्या प्रकारात बाटली फसवते. रेडिएटर आणि बाटली जोडणारी बारीक नळी तडकली किंवा झाकणाचं रबर कडक झालं, तर परत ओढताना पाण्याऐवजी हवा आत जाते. बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर वरून रिकामा. म्हणून सकाळी थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढून आत बघायचं. पाणी थेट गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे.

झाकण हातात आलंच आहे तर त्यावरचा आकडा वाचा. 0.9 किंवा 1.1 असेल, कुठे 108 लिहिलेलं असतं. हा दाबाचा आकडा असतो. 0.9 आणि 1.1 हे बारमध्ये, 108 हे किलोपास्कलमध्ये, म्हणजे 1.1 बारच्या आसपासच. निम्मं कूलंट, निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण 107-108 अंशांना उकळतं. त्या दाबाखाली ते सव्वाशेच्याही पुढे टिकतं. झाकण दाब धरत नसेल तर गळती एका थेंबाची नसतानाही घाटात पाणी बाटलीतून वाहून जातं. झाकण स्वस्त असतं. रबर चिरलेलं किंवा दबून गेलेलं असेल तर बिनधास्त नवीन घ्या, मात्र त्याच आकड्याचं.

घाटमाथा
झाकणाला दुजोरा. महाबळेश्वरला साधं पाणी 95-96 अंशांनाच उकळतं. पसरणी घाट दुसऱ्या गिअरमध्ये एसी लावून चढायचा आणि झाकण दाब धरत नाही, म्हणजे वर पोचेपर्यंत वाफ ठरलेली. खाली वाईत त्याच गाडीची काही तक्रार नसते.

मुक्ता_संभाजीनगर
दादा, केबिनमध्ये पाहिलं का? डॅशबोर्डच्या आत हीटरची छोटी जाळी असते, तिच्यातूनही तेच पाणी फिरतं. आमच्या गाडीत ती गळत होती. जमिनीवर टिपूस नव्हता, कारण सगळं कार्पेटखालच्या फोममध्ये मुरत होतं. खुणा सांगते. हीटर लावला की गोडसर, पाकासारखा वास. समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरतं आणि कपड्याने पुसलं तरी फरांटे उठतात. पुढच्या सीटसमोरचं कार्पेट उचलून खालचा फोम दाबून बघा. बोटाला चिकट ओल लागली तर कूलंट. साधं पाणी असेल तर एसीचा नळ तुंबलेला असू शकतो.

कृष्णाकाठ
मुक्ताताई, कार्पेट दोन्ही बाजूंनी उचललं, फोम खडखडीत कोरडा. काचेवरही काही नाही. गाडी पहिल्या प्रकारातली आहे, रेडिएटरवर झाकण. सकाळी उघडलं तर पाणी गळ्यापासून बोटभर खाली होतं. झाकणाचं रबर ठीक वाटलं तरी त्याच आकड्याचं नवीन बसवलं. बाटलीची नळीही अखंड आहे.

सह्यवाटा
गाडीखाली पाणी दिसलं की घाबरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एसीचं पाणी रंगहीन, वास नसलेलं आणि बोटांत चोळलं तर पाण्यासारखंच. ते इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याजवळ पडतं. कूलंट चोळलं तर गुळगुळीत लागतं आणि त्याला हिरवा, गुलाबी, निळा असा काहीतरी रंग असतो. पॉवर स्टिअरिंगचं आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेलही बऱ्याचदा लाल असतं, पण ते तेलकट असतं आणि पाण्यात मिसळत नाही. शंका आली तर पांढऱ्या कागदावर टिपून घ्या. फक्त चव घेऊन बघू नका. वास गोड असला तरी ते विष आहे.

आगारातला
आता बाहेरची तपासणी. इंजिन थंड असताना, चांगली टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन. ओल शोधू नका, डाग शोधा. तापलेल्या इंजिनवर पडलेला थेंब लगेच वाळतो, म्हणून तुमचा पुठ्ठा कोरडा राहतो. पाणी उडून जातं, पण त्यातली रसायनं मागे राहतात. पांढरा, हिरवट किंवा गुलाबी खडूसारखा थर दिसला की तिथून वर बघत जायचं, कारण पाणी वरून खाली ओघळतं आणि वारा त्याला मागे नेतो.

पहिल्यांदा रेडिएटर. हल्लीच्या रेडिएटरला मधली जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. त्या जिथे दाबून बसवलेल्या असतात त्या शिवणीवर बोट फिरवा. मग वरचा आणि खालचा होज पाइप. टोकांना क्लिपजवळ फुगलाय का, दाबल्यावर कडक लागतो का, बारीक चिरा दिसतात का. होज मध्येच कुरतडलेला असेल तर उंदीर. पावसाळ्यात बोनेटखाली ऊब शोधत येतात. तुमच्याकडे पावसाळ्यानंतर सुरू झालंय म्हणून हे मुद्दाम पाहा.

वॉटर पंपाला बॉडीच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता त्या भोकातून बाहेर यावं म्हणून ते ठेवलेलं असतं. तिथे सुकलेला ओघळ असेल, पुली हलवल्यावर खुळखुळत असेल, तर पंप बदलायचा. नसेल तर पंपाला हात लावायचा नाही, गॅरेजवाला काहीही म्हणो. काही गाड्यांत पंप टायमिंग बेल्टच्या कव्हरमागे असतो, तिथे कव्हर काढूनच बघावं लागतं.

शेवटी थर्मोस्टॅटचं (तापमानाप्रमाणे पाण्याची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हचं) हाउसिंग आणि इंजिनच्या मागच्या अंगाचे जोड. पुष्कळ गाड्यांत हे प्लास्टिकचं असतं, वर्षानुवर्षं तापून ठिसूळ होतं. हा भाग बॅटरी आणि एअर फिल्टरच्या खोक्याखाली दडलेला असतो, म्हणून घाईत कुणी बघत नाही.

कृष्णाकाठ
काका, सगळं पाहिलं. रेडिएटर कोरडा, पंपाच्या भोकापाशी काही नाही, उंदरांच्या खुणा नाहीत. मागचा भाग नीट दिसला नाही, एअर फिल्टरचं खोकं मध्ये येतं. तिथे गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला फिकट पांढरं काहीतरी आहे, पण ती धूळही असेल.

आगारातला
तो पांढरा डाग विसरू नका. आता प्रेशर टेस्ट करून घ्या. रेडिएटरच्या तोंडाला झाकणाऐवजी एक हातपंप बसतो, त्याला घड्याळ असतं. थंड इंजिनवर झाकणावरच्या आकड्याइतका दाब भरायचा, त्याहून जास्त अजिबात नाही, नाहीतर चांगला होज फुटेल. मग काटा पंधरा-वीस मिनिटं बघत बसायचं. काटा हलला नाही तर व्यवस्था घट्ट आहे. हलला तर पाणी कुठूनतरी बाहेर पडतंय, आणि इंजिन बंद, पंखा बंद असल्यामुळे ते शांतपणे शोधता येतं. बहुतेक रेडिएटरवाल्यांकडे आणि बऱ्या गॅरेजमध्ये हा पंप असतो. नसेल त्याच्याकडे या कामासाठी जाऊ नका.

बर्फाळ
कॅनडात कॅल्गरीला असतो. इथे हिवाळ्यात उणे तीस नेहमीचं, त्यामुळे या विषयाशी दरवर्षी गाठ पडते. दोन गोष्टी.

काही गळत्या फक्त थंड असताना होतात. रबर आकसतं, कडक होतं, क्लिपची पकड सुटते आणि जोडातून थेंब येतो. इंजिन तापलं की रबर फुगून जोड पुन्हा घट्ट. स्क्रूने आवळायच्या क्लिपवर हे जास्त दिसतं. कंपनीतून येणारी स्प्रिंगची क्लिप रबराबरोबर आपोआप आकसते आणि फुगते, म्हणून ती काढून स्क्रूची बसवणं ही सुधारणा नव्हे.

दुसरं, कूलंट जितकं घट्ट तितकं चांगलं असं नसतं. निम्मं-निम्मं मिश्रण उणे 37 च्या आसपास गोठतं, पण निव्वळ ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य रसायन, उणे 12-13 लाच गोठायला लागतं. महाराष्ट्रात गोठण्याचा प्रश्न नाही, तरी निव्वळ कूलंट पाण्याइतकी उष्णताही वाहून नेत नाही. प्रमाण पाळा.

मुक्ता_संभाजीनगर
आणि पाणी बोअरचं नको! आमच्या भागात बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला महिन्यात पांढरा थर धरतो. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. डिस्टिल्ड पाणी किंवा तयार मिसळलेलं कूलंट घ्या. रंग पाहून भर घालू नका, एकाच रंगाची वेगवेगळी रसायनं असतात. गाडीच्या पुस्तकात दिलेलाच प्रकार घ्यायचा.

कृष्णाकाठ
प्रेशर टेस्ट झाली. दुपारी गाडी चालवतच नेली होती, तासभर थांबून मग पंप लावला. काटा जागेवरून हलला नाही. गॅरेजवाला म्हणतो, बाहेर गळती नाही, म्हणजे हेड गॅस्केटच. आता काय?

सह्यवाटा
एवढ्यावरून हेड नको. गॅस्केटचा निकाल लावायला वेगळी चाचणी आहे आणि ती हेड न उघडता होते. रेडिएटरच्या तोंडावर एक काचेची नळी बसवतात, तिच्यात निळं द्रावण असतं, ब्रोमोथायमॉल ब्लू. आधी पातळी थोडी कमी करून घ्यायची, म्हणजे कूलंट नळीत चढणार नाही. मग इंजिन चालू करून तापू द्यायचं आणि रबरी फुग्याने रेडिएटरच्या गळ्यातली हवा त्या द्रावणातून ओढायची. गॅस्केट फुटून सिलिंडरमधला जळालेला वायू पाण्यात येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निळं पिवळं होतं. निळंच राहिलं तर गॅस्केटवरचा संशय बराच कमी होतो.

घरच्या घरी बघता येतील अशा खुणाही आहेत. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना इंजिन अडखळतं का? सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर येतो का आणि इंजिन तापल्यावरही येत राहतो का? थंडीत सुरुवातीची वाफ सगळ्याच गाड्यांना असते, ती मोजू नका. रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज सकाळीही टणक लागतो का? स्पार्क प्लग काढले तर एखादाच धुतल्यासारखा स्वच्छ आहे का? आणि तेलाची डिपस्टिक. तिच्यावर दुधाच्या चहासारखा फेस असेल तर तेलात पाणी गेलंय. तेलाच्या झाकणाखाली थोडा फेस पावसाळ्यात, छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांत दमटपणामुळेही जमतो. त्यावरून कुणी हेड उतरवायला सांगत असेल तर आधी डिपस्टिक दाखवा म्हणावं.

डिझेलवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर गार करणारा भाग) आतून चिरला तर पाणी सरळ इंजिनात ओढलं जाऊन धुरातून जातं, बाहेर काही दिसत नाही आणि दोष गॅस्केटवर येतो. तो कूलर वेगळा काढून त्यातच दाब भरून तपासता येतो.

आगारातला
सह्यवाटांनी सांगितलेली चाचणी करूनच घ्या. पण तुमच्या टेस्टमध्ये एक गोम आहे. गाडी चालवत नेली आणि तासाभरात पंप लावला, म्हणजे इंजिन चांगलंच कोमट होतं. बर्फाळ यांनी सांगितलेली थंड गळती अशा वेळी लपते. गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजलाच सोडा आणि सकाळी इंजिन सुरू न करता दाब भरायला सांगा. एअर फिल्टरचं खोकं आधी काढायला लावा आणि तो पांढरा डाग समोर ठेवून बघा.

तरी सापडलं नाही तर कूलंटमध्ये घालायचा चमकणारा रंग मिळतो. दोन-चार दिवस गाडी चालवायची आणि अंधारात अतिनील टॉर्चने बघायचं. गळतीच्या जागी पिवळट-हिरवं चमकतं. काही हिरवी कूलंट मुळातच थोडी चमकतात, म्हणून रंग टाकण्याआधी एकदा टॉर्च मारून पाहायची.

रानवारा
रेडिएटरमध्ये हळद टाका, गळती थांबते. आमच्याकडे ट्रकवाले वर्षानुवर्षं टाकतात.

आगारातला
रानवारा, मीही टाकलेली पाहिली आहे, आणि आडरानात रात्री अडकलेल्या माणसाला घरी पोचायला तिचा उपयोग होतो हे नाकारत नाही. जुन्या पितळी रेडिएटरच्या रुंद नळ्यांत ती खपून जायची. आताच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या फार बारीक असतात आणि हीटरच्या जाळीतल्या त्याहून बारीक. गळतीचं भोक बुजतं तसं तेही बुजतं. बाजारातल्या गळती बंद करणाऱ्या बाटल्यांचंही तेच. पोचल्यावर सगळं धुऊन काढून खरी दुरुस्ती करणार असाल तरच.

गोठ्यातली_डॉक्टर
मी पशुवैद्य आहे, नाशिकजवळ. सगळ्यांना कळकळीची विनंती. कूलंट रिकामं करताना ते गटारात किंवा अंगणात ओतू नका आणि उघड्या घमेल्यात ठेवू नका. इथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात. मांजराला तर अगदी थोडं पुरतं. सुरुवातीला जनावर झिंगल्यासारखं चालतं, मग काही तास बरं वाटतं आणि तोवर मूत्रपिंडं निकामी होत असतात. चाटल्याचं दिसलं तर लक्षणांची वाट न बघता लगेच दवाखान्यात न्या, उतारा पहिल्या काही तासांतच लागू पडतो. लहान मुलांच्या बाबतीतही हेच. पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत कूलंट कधीही ठेवू नका.

कृष्णाकाठ
सापडलं!

रंगाची चाचणी आधी केली, द्रावण निळंच राहिलं. मग काकांनी सांगितल्याप्रमाणे गाडी रात्री गॅरेजला सोडली. सकाळी सात वाजता, इंजिनला किल्ली न लावता, खोकं काढून दाब भरला. काटा हळूहळू खाली येताना स्पष्ट दिसला. आरसा धरला तर थर्मोस्टॅट हाउसिंगमधून हीटरकडे जाणाऱ्या होजच्या जोडावर थेंब तयार होऊन गिअरबॉक्सवर पडत होता. पांढरा डाग बरोबर त्याखाली. जोडावर स्क्रूची क्लिप होती, मागच्या कुठल्या तरी कामात कुणीतरी मूळची बदललेली. होजचं टोक दगडासारखं कडक झालं होतं. हाउसिंग चिरलेलं नाही, आरशाने सगळीकडून पाहिलं.

नवीन होज आणि स्प्रिंगची क्लिप, एवढंच काम. मग पुन्हा दाब भरला, अर्धा तास काटा जागेवर. वॉटर पंपही वाचला आणि हेडही. काका, सह्यवाटा, बर्फाळ, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. आज नवं कूलंट भरायचं आहे, त्यात काही काळजी?

आगारातला
फार बरं वाटलं. भरताना आत हवा अडकू द्यायची नाही, नाहीतर चांगली गाडीही गरम मारते. गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवा. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून, नुसतं पाणी यायला लागेपर्यंत सावकाश भरा. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा, पातळी खाली जाईल तशी भर घाला, होज अधूनमधून दाबत राहा. बुडबुडे थांबले आणि पातळी स्थिर झाली की पंखा लागायची वाट न बघता झाकण लावा. मग पंखा एकदा लागून बंद होऊ द्या. हीटरमधून गरम हवा यायला हवी, गार आली तर आत अजून हवा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर रेडिएटर आणि बाटली दोन्ही बघा, थोडं कमी झालेलं असेल, ते भरा.

घाटमाथा
आणि काटा नाही म्हणालात, तर ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या संगणकाच्या तपासणीच्या, सॉकेटला लागणारं छोटं ब्लूटूथ यंत्र घेऊन ठेवा. मोबाइलवर कूलंटचं तापमान अंशात दिसतं. साधारण 85 ते 100 मध्ये खेळतं. घाटात 110 च्या पुढे जायला लागलं तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम, आणि जागा मिळताच बाजूला घ्या. आकडा चढता चढता एकदम खाली पडला तर गाडी थंड झाली असं समजू नका. पाणी संपून सेन्सर कोरडा पडला की तोही खोटं सांगतो. तेव्हा इंजिन लगेच बंद, आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही, हेड तडकतं.

कृष्णाकाठ
यंत्र मागवतो. पुढच्या आठवड्यात चिपळूणची फेरी आहे, त्याआधी आणि नंतर सकाळी पातळी पाहून इथे लिहितो.